विषय: सोलर नाकारलं आणि हॉल पास केला, त्या खजिनदारांच्या हिशोबाबद्दल

मा. अध्यक्षसाहेब,

स.न.वि.वि. याबद्दल आधी लिहून दिलंय, ग्रुपवरही टाकलंय, पण उत्तर सोडा, साधी पोचसुद्धा नाही, म्हणून आता जरा सविस्तर लिहितोय. माझं कुणाशी वैयक्तिक भांडण नाही.

खजिनदारांनी सोलरचं शीट दाखवलं त्यात सबसिडी जाऊन खर्च 18 लाख, लिफ्ट, पंप आणि जिन्यातले लाइट मिळून वर्षाला दीड लाखाची बचत, मुदत 15 वर्षं. इथपर्यंत ठीक. पण बचत 15 ही वर्षं दीड लाखच धरली, म्हणजे विजेचा दर तेवढी वर्षं जागचा हलणार नाही (बिल बघता ना तुम्ही?), आणि ती आजच्या किमतीत आणली (पुढे मिळणारा रुपया आजच्यापेक्षा कमी मोलाचा, म्हणून दरवर्षी ठराविक रेटने घटवतात ती) एफडीच्या 7 टक्के रेटने. अहो, त्या 7 टक्क्यांत महागाई आधीच धरलेली असते! एका बाजूला महागाई आहे, दुसऱ्या बाजूला नाहीच, मग 4 लाख 34 हजारांचा तोटा दिसणारच. तो सेल लाल करून मीटिंगमध्ये झूम करून दाखवला.

आता त्यांच्या लाडक्या टेरेस हॉलचं शीट काढा. खर्च 12 लाख, भाडं वर्षाला 80 हजार, मुदत तीच 15 वर्षं. इथे मात्र भाडं दरवर्षी 5 टक्क्यांनी वाढतंय आणि रेट किती, तर 7 वजा 5, फक्त 2! म्हणजे महागाई भाड्यात मिळवली आणि रेटमधून काढूनही टाकली. आला सव्वातीन लाख फायदा, वाजवा टाळ्या.

नियम साधा आहे. रक्कम महागाईसकट धरली तर रेट पण महागाईसकट, म्हणजे 7. आजच्या भावाने धरली तर रेट महागाई वगळून, आणि तो वजाबाकीने नाही तर 1.07 ला 1.05 ने भागून, साधारण 1.9. दोन्हीकडून उत्तर सेमच येतं, मी करून बघितलंय. सोलर साधारण 1 लाख 40 हजार फायद्यात, हॉल 1 लाख 65 हजार तोट्यात. महागाई 5 टक्के त्यांचीच, रिझर्व्ह बँकेचं टार्गेट तर 4 आहे. वीज नेमकी 5 नेच वाढेल असंही नाही, पॅनल जुने झाले की थोडी कमी वीज देतात तेही मान्य, पण मग ते आकड्यात दाखवा, सोयीप्रमाणे रेट कशाला बदलता?

शिवाय हॉलला सिंकिंग फंड वापरायचं चाललंय असं कानावर आलं. उपविधींप्रमाणे तो पुनर्बांधणी, इमारत मजबूत करणं किंवा मोठ्या दुरुस्तीसाठी असतो, वाढदिवसांसाठी नाही. (सोलरचं कुठल्या फंडातून करायचं ते नंतर बसून बघता येईल.) बी विंगमधल्या बऱ्याच जणांचं हेच म्हणणं आहे, फक्त समोर कुणी बोलत नाही कारण मेंटेनन्सच्या पावत्या खजिनदारांकडूनच घ्यायच्या असतात.

तरी विनंती की दोन्ही शीट एकाच रेटने पुन्हा करून लिफ्टशेजारच्या बोर्डावर लावावीत, तोपर्यंत हॉलच्या कॉन्ट्रॅक्टरला अॅडव्हान्स देऊ नये, आणि हिशोब खजिनदार सोडून दुसऱ्या कुणीतरी तपासावा, मी रविवारी सकाळी मोकळा असतो. पॅसेजमधला त्यांचा शू-रॅकही अजून तिथेच आहे, त्यावर मी वेगळं पत्र देतोय.

आपला,
बी विंग, चौथा मजला