सिन्योरा, किसणी पिशवीत परत ठेवलीत त्याबद्दल

प्रिय सिन्योरा,

तुम्हाला मराठी येत नाही आणि माझं इटालियन भाजीचा भाव विचारण्यापुरतं. आभार मानायला गेले की चार शब्दांत गाडी अडते. म्हणून हे माझ्या भाषेत, माझ्या माणसांसमोर लिहिते आहे.

मिलानला येऊन पाच महिने झाले. पहिले तीन महिने दुपारी पाव आणि टोमॅटो. कँटीनमधल्या गृहस्थांना ‘मांस नको’ म्हटलं, तर त्यांनी माझ्यादेखत पास्त्यातले हॅमचे तुकडे चिमट्यानं उचलले आणि तीच बशी पुढे सरकवली. आधीच्या घरमालकीणबाईंना मोहरी तडतडली की ठसका लागायचा. आणि आपली माणसं? ‘अगं, परदेशात एवढं चालवून घ्यावं लागतं.’ हे सांगणाऱ्या ताईंच्या कपाटात सासूबाईंनी पाठवलेली मेतकुटाची बरणी होती, मी पाहिली आहे. मला एक चमचाही विचारला नाही.

वरच्या मजल्यावरच्या तुम्ही मला जिन्यात भेटलात. पापिनियानोच्या शनिवारच्या बाजारातून मी वांगी, झुकिनी, ढोबळ्या मिरच्या असं ओझं घेऊन चढत होते. काय करणार, विचारलंत. म्हटलं, आठवडाभराचा पास्ता, डब्यासाठी. तुम्ही कपाळाला हात लावलात. ‘तीन दिवस! त्यापुढे नाही.’ आणि रविवारी सकाळी स्वतःचं मोठं पातेलं घेऊन दारात उभ्या. माझ्या पातेल्यात पास्त्याला हलायलाही जागा नव्हती, हे तुम्हाला न बघताच कसं कळलं देव जाणे.

कृती लिहीत बसत नाही. पाकिटावरच्या वेळेपेक्षा दोन मिनिटं आधी काढायचा, म्हणजे ऑफिसात गरम करताना लगदा होत नाही, हे तुमच्याकडून शिकले. उकळलेलं पाणी मी ओतून द्यायला निघाले तेव्हा तुम्ही माझं मनगटच धरलंत. कपभर ठेवायचं, भाज्यांत घालायचं. अहो, आमच्याकडे भाताची पेज अशीच राखतात, आई आमटीत घालते! हे सांगायला मात्र शब्द नव्हते. नुसती मान डोलावली.

पण पत्र पास्त्यासाठी नाही.

भाज्या परतून झाल्यावर तुम्ही पिशवीतून किसणी काढलीत आणि पार्मिज्यानो चीजचा तुकडा. त्यात दूध गोठवायला वासराच्या पोटातलं रेनेट असतं, हे मला इथे आल्यावर कळलं होतं. तरी गप्प बसायचं ठरवलं. कुणी आपल्या घरी येऊन रांधतंय आणि आपण खोड काढायची? पण तुमचा हात थांबला. माझ्याकडे बघून विचारलंत, ‘काय?’ मी ‘वासरू’ म्हणाले आणि स्वतःच्या पोटावर हात ठेवला. पुढचं येत नव्हतं.

तुम्ही गळ्यातला चष्मा डोळ्यांवर चढवलात, वेष्टण खिडकीपाशी नेऊन वाचलंत. दूध, मीठ, काल्यो. काल्यो म्हणजे तेच. ‘खरंच की,’ म्हणालात. बस्स. का नाही खात, थोडं खाल्लं तर काय होतं, एवढंसंच तर आहे, यातलं एक अक्षर नाही. किसणी परत पिशवीत गेली. माझा परवाचा पाव उचललात, हातानं चुरलात, तेलात लसणीवर खरपूस होईपर्यंत परतलात. आमचा पोळीचा कुस्कराच की हा! तुमच्या पुल्यामध्ये, म्हणजे तिकडे दक्षिण इटलीत, ज्यांना चीज परवडत नसे ते पास्त्यावर हाच चुरा घालत, असं तेव्हा सांगितलंत.

आणि मग, चुरा ढवळता ढवळता, सतराव्या वर्षी तिकडून कामासाठी एकट्या आलात तेही सांगितलंत. साठच्या दशकात इकडे उत्तरेत ‘दक्षिणेकडच्यांना घर भाड्यानं मिळणार नाही’ अशा पाट्या लागत. तुम्ही हसत होतात, मला मात्र मोहरीचा ठसका आठवला. ज्यांना कुणी दारात उभं केलं नाही, त्यातले काही जण पुढे दुसऱ्यालाही दारात उभं करत नाहीत. काही जण पातेलं घेऊन येतात. दोन्हीकडची माणसं एकाच अनुभवातून निघतात हे मला अजून नीट उमगलेलं नाही.

डब्याला मिलानची जुनी माणसं ‘स्किशेत्ता’ म्हणतात, चेपून भरलेला, हेही तुम्हीच शिकवलंत. सोमवार ते बुधवार माझे तीन डबे फ्रीजमध्ये चेपून बसलेले असतात. चुरा वेगळ्या छोट्या बरणीत, खायच्या वेळी वरून घालायचा, नाहीतर मऊ पडतो. मंगळवारी शेजारच्या टेबलावरच्या मुलीनं ‘हे काय?’ म्हणून चिमूटभर मागितला. निम्मी बरणी संपवली तिनं.

या रविवारी मी वर येते. पातेलं तुमचं, पाव माझा. गुरुवारीच आणून ठेवला आहे, चांगला शिळा होऊ दे म्हणून.

तुमची,
खालच्या मजल्यावरची सांगलीकर