झाकणावरची तारीख

आदरणीय काका,
सा. न.

सिडनीत मराठी माणसं पुष्कळ भेटतात. ग्रीन ट्री फ्रॉगच्या, म्हणजे झाडावरच्या हिरव्या बेडकाच्या, जिभेचं दुखणं ओळखणारा एकच भेटला. पत्र उघड लिहितेय, कारण इथे परवाना काढून बेडूक पाळणाऱ्या आणखी कुणाच्या तरी ते कामी येईल.

माझ्या बेडकाच्या पोटात काही जाईना, तेव्हा "भूक नसेल, पंधरा दिवस थांबा," असं दुकानात सांगितलं होतं. काय खातो, कसा खातो, एक प्रश्न नाही. किड्यांना लावायच्या जीवनसत्त्वाच्या पावडरचा डबा मात्र लगेच विकला! तुम्ही पहिल्यांदा हेच विचारलंत, "तो खायला जातच नाही, की झेप घेऊन चुकतो?"

सगळं त्या प्रश्नात होतं. रातकिड्यावर झेप पडते, जीभ लागते, पण किडा चिकटत नाही, म्हणजे भूक शाबूत आहे. 'अ' जीवनसत्त्व कमी पडलं की जिभेवरच्या चिकट स्राव करणाऱ्या ग्रंथी निकामी होतात. किड्यांत हे जीवनसत्त्व जवळजवळ नसतंच आणि गाजरातल्या बीटा-कॅरोटीनपासून ते बनवणं बऱ्याच बेडकांना नीट जमत नाही. म्हणून डब्यावर रेटिनॉल किंवा 'व्हिटॅमिन ए ॲसिटेट', म्हणजे तयार 'अ' जीवनसत्त्व, छापलेलं हवं. आमच्या डब्यावर नुसतं बीटा-कॅरोटीन होतं. उपचाराची मात्रा मात्र वजन करून डॉक्टरांनीच ठरवायची. हे जीवनसत्त्व जास्त झालं तरी विषच.

कॅल्शियमचं दुखणं वेगळं, हेही तुम्हीच दाखवलंत. त्यात खालचा जबडा रबरासारखा मऊ पडतो, बोटं थरथरतात. रातकिड्यात फॉस्फरस कॅल्शियमच्या कितीतरी पट, म्हणून कॅल्शियमची पूड लागतेच, जोडीला डी-३ जीवनसत्त्व किंवा यूव्हीबी (अतिनील किरणांचा) दिवा. जबडा मऊ असताना तोंड जबरदस्तीने उघडू नये, मोडतो. रातकिड्यांना आधी २४ तास पालेभाजी खाऊ घालायची, पूड अगदी देण्याच्या वेळी लावायची, नाहीतर ते अंग साफ करून ती झटकून टाकतात. किडा बेडकाच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नको. पूर्ण वाढलेल्याला आठवड्यातून दोन-तीनदाच द्यायचं. लठ्ठ बेडूक गोंडस दिसतो, पण तो आजारीच. आणि नळाच्या पाण्यात क्लोरामाइन (जंतू मारायला घातलेलं रसायन) असेल तर ते पाणी रात्रभर उघडं ठेवून जात नाही, ते घालवणाऱ्या औषधाचे थेंब घालावेच लागतात.

पण मनात राहिलं ते वेगळंच. नवा डबा हातात देताना तुम्ही खिशातून मार्कर काढलात आणि झाकणावर उघडल्याची तारीख लिहिलीत. "सहा महिन्यांनी फेकायचा, अर्धा उरला तरी." उघड्या डब्यातलं जीवनसत्त्व हळूहळू मरतं, हे विकणाऱ्यालाही ठाऊक असणार. ज्ञान पुष्कळांकडे असतं हो, काका. दुसऱ्याच्या बेडकासाठी मार्कर खिशात ठेवून येणारा विरळा.

डबा परवा फेकला. झाकण ठेवलंय.

तुमची,
एक बेडूकवाली