वर्तुळ वाढलं म्हणजे सहक्रिया नव्हे

महोदय,

औषधी वनस्पतीचा अर्क प्रतिजैविकासोबत वापरला की औषधाला न जुमानणारे जिवाणू मरतात, अशा बातम्या अधूनमधून छापून येतात. बहुतेकींचा आधार एवढाच असतो की अर्क लावलेल्या डिस्कभोवतीचं (कागदी चकतीभोवतीचं) मोकळं, जिवाणू न वाढलेलं वर्तुळ दोन-चार मिलिमीटरनी वाढलं. पण अर्कातली द्रव्यं आगरमध्ये, म्हणजे जिवाणू वाढवायच्या जेलीत, किती पसरतात यावरही ते वर्तुळ ठरतं, आणि दोघांच्या परिणामाची नुसती बेरीज झाली तरी ते वाढतंच.

सहक्रिया म्हणजे जोडीचा परिणाम या बेरजेहून बराच जास्त होणं. ती आहे का, याचं खरं उत्तर चेकरबोर्ड चाचणी देते. ९६ खळग्यांच्या प्लेटमध्ये एका दिशेने प्रतिजैविक आणि दुसऱ्या दिशेने अर्क, दर खळग्याला निम्मा करत भरायचा. प्रत्येकात मिलिलिटरमागे सुमारे ५ लाख जिवाणू. ३५ अंश सेल्सिअसला १६ ते २० तास ठेवून वाढ बघायची. समजा, स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जिवाणूवर सिप्रोफ्लॉक्सासिन या प्रतिजैविकाची एमआयसी, म्हणजे वाढ रोखणारी किमान मात्रा, मिलिलिटरमागे ६४ मायक्रोग्रॅमवरून ८ वर आली आणि अर्काची १०२४ वरून २५६ वर. जोडीतली मात्रा भागिले एकट्याची मात्रा, ही गुणोत्तरं ०.१२५ आणि ०.२५, बेरीज ०.३७५. बेरीज ०.५ किंवा त्याहून कमी असेल तर सहक्रिया, ४ च्या वर गेली तर विरोध. दोन्ही मात्रा नुसत्या निम्म्या झाल्या तर बेरीज १ येते, आणि एका पायरीचा, म्हणजे निम्म्या-दुपटीचा, फरक तर चाचणीच्या नेहमीच्या चुकीतच मोडतो.

‘सहक्रिया आढळली’ म्हणून बातमी इथेच संपते. पण सिप्रोफ्लॉक्सासिनची एमआयसी ४ किंवा जास्त असली की हा जिवाणू प्रतिरोधकच धरतात. म्हणजे ८ वर येऊनही रुग्णाच्या दृष्टीने काहीच बदललं नाही! शिवाय अर्काची २५६ ही मात्रा रक्तात टिकवणं जवळपास अशक्य.

प्रयोगातही खाचखळगे आहेत. हिरव्या किंवा गढूळ अर्कात वाढ डोळ्यांनी दिसत नाही, म्हणून रेझाझुरिन हे जिवंत जिवाणूंमुळे रंग बदलणारं द्रव्य घालतात. पण अर्कातली अँटिऑक्सिडंट द्रव्यं जिवाणूंशिवायही ते निळ्याचं गुलाबी करू शकतात. त्यामुळे जिवाणू न घातलेला, फक्त अर्काचा खळगा हवाच. अर्क विरघळवणारं डीएमएसओ हे द्रावक शेवटी १ टक्क्याच्या वर नको, आणि नुसत्या डीएमएसओचा खळगाही वेगळा हवा.

बर्बेरीन या वनस्पतीतल्या जिवाणूनाशक द्रव्याचं उदाहरण मात्र मोलाचं आहे. स्टॅफिलोकॉकसचा नॉरए पंप, म्हणजे नको ती द्रव्यं बाहेर टाकणारं प्रथिन, बर्बेरीनला पेशीबाहेर फेकतो. बर्बेरिस वर्गातल्या वनस्पतींत बर्बेरीनच्या जोडीला ५'-मेथॉक्सिहिडनोकार्पिन असतं आणि ते हा पंप अडवतं, हे २००० साली दाखवून दिलं गेलं. एकटं हे दुसरं द्रव्य जिवाणूंना काहीच करत नाही. त्यामुळे अर्क शुद्ध करताना जो भाग एकट्याने जिवाणू मारतो तोच ठेवला, तर नेमका हा जोडीदार फेकला जातो. प्रत्येक भाग प्रतिजैविकाच्या कमी मात्रेसोबतही तपासायला हवा.

ई. कोलायसारख्या ग्राम-ऋण जिवाणूंवर हे निष्कर्ष तसेच लागू करू नयेत. त्यांचं बाहेरचं आवरण अशी बरीच द्रव्यं आत येऊच देत नाही.

— सूक्ष्मजीवशास्त्राचे अभ्यासक