टाकी उघडण्याचा नियम प्रत्येक वायूला लावा : कामगार मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. कामगार मंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई

महोदय,

शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले या औद्योगिक वसाहतींतील फौंड्री व मशीन शॉपची एकही पाळी दाबाखालच्या वायूवाचून निघत नाही. हा वायू ज्यांत साठवतात त्या टाक्यांत दाब किती असावा, यावर देखरेख आहे. २०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम ३१ नुसार सुरक्षित दाब ओलांडला जाणार नाही, याची व्यवस्था करणे बंधनकारक होते आणि टाकी तपासणाऱ्या अधिकृत सक्षम व्यक्तीचा दाखला बहुतेक ठिकाणी फाइलला लावलेला असतो. माझे म्हणणे तीच टाकी दुरुस्तीसाठी रिकामी करून उघडण्याबद्दल आहे.

याच कायद्याच्या कलम ३७ चे पोटकलम ३ हे काम नेमके सांगत होते. जोड ढिला करण्याआधी आत येणारा वायू व्हॉल्व्हने किंवा अन्य उपायाने बंद करावा, जोड काढण्याआधी आतला दाब वातावरणाइतका खाली आणण्यासाठी शक्य ते सर्व करावे आणि जोड पुन्हा घट्ट बसेपर्यंत वायू आत शिरू देऊ नये. परंतु ही तरतूद स्फोटक व ज्वालाग्राही वायूंपुरती होती. हवा, नायट्रोजन, आरगॉन, कार्बन डायऑक्साइड पेट घेत नाहीत, म्हणून ते तिच्याबाहेर राहिले. आणि आमच्याकडचा फिटर पाना लावतो तो मुख्यतः याच टाक्यांना.

४० सेंटिमीटर व्यासाच्या मॅनहोलच्या झाकणाचे क्षेत्रफळ सुमारे १,२५६ चौरस सेंटिमीटर भरते. आत दर चौरस सेंटिमीटरला अवघा ०.१ किलो दाब उरला, तरी झाकणावर सव्वाशे किलोचा जोर असतो. रिसीव्हरवरचा, म्हणजे दाबाखालच्या हवेच्या टाकीवरचा, गेज मात्र १६ किलोपर्यंतचा असेल, तर एवढा दाब त्यावर वाचताच येत नाही. काटा शून्याच्या खिळीला टेकलेलाच दिसतो. टाकीच्या तळाचा ड्रेन कॉक कॉम्प्रेसरच्या तेलाने आणि गंजाने चोंदलेला असला, तर तो उघडूनही आवाज येत नाही आणि टाकी मोकळी झाली असे समजून बोल्ट काढले जातात.

कोअर शॉपमधला, म्हणजे साच्यांचे वाळूचे गाभे बनवणाऱ्या विभागातला, कार्बन डायऑक्साइड याहून फसवा आहे. द्रवरूप वायूची टाकी घाईने सोडली आणि आतला निरपेक्ष (निर्वातापासून मोजलेला) दाब सुमारे ५.२ बारच्या खाली गेला, की उरलेला द्रव उणे ५६.६ अंशांना गोठून कोरडा बर्फ होतो. तो वायू बाहेर सोडणाऱ्या व्हेंटच्या नळीत अडकला, तर मागे दाब कोंडून राहतो. आणि टाकीत उरलेल्या बर्फाला ऊब लागली की त्याचा पुन्हा वायू होऊन उतरलेला दाब चढू लागतो. शिवाय हा वायू हवेच्या दीडपट जड असल्याने शेडमध्येच सोडला, तर फौंड्रीच्या खड्ड्यांत साचून तिथे उतरणाऱ्याला गुदमरवतो.

म्हणून विनंती अशी की, २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेखालील राज्याच्या नियमांत ही पद्धत वातावरणापेक्षा अधिक दाबाच्या प्रत्येक वायूला लागू करावी. येणारी लाइन ब्लाइंड प्लेटने (नळी बंद करणाऱ्या अखंड चकतीने), किंवा दोन व्हॉल्व्ह बंद करून व त्यांच्यामधला व्हेंट उघडा ठेवून तोडावी. व्हॉल्व्हला कुलूप असावे आणि त्याची किल्ली काम करणाऱ्याच्याच खिशात असावी. टाकीला शेडबाहेर सुटणारा स्वतंत्र व्हेंट असावा, तो काम संपेपर्यंत उघडा राहावा आणि खरोखर मोकळा आहे हे तपासलेले असावे. यावर खर्चाची तक्रार होईलच, पण एका व्हॉल्व्हला आणि कुलपाला कोणत्या कारखान्याचे दिवाळे निघते, हे मला अद्याप कळलेले नाही.

शिवाजी उद्यमनगरातील अनेक छोटी वर्कशॉप कामगारसंख्येमुळे कारखान्याच्या व्याख्येतच बसत नाहीत, त्यांच्यापर्यंत नियम पोहोचणार नाही. त्यांच्यासाठी औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाने मराठीत एक पानी सूचनाफलक काढावा. झाकणासमोर उभे राहू नये, आपल्यापासून लांबचे बोल्ट आधी ढिले करावेत, झाकण सुटून आतला दाब गेल्याची खात्री होईपर्यंत एकही नट पूर्ण काढू नये, एवढे त्यावर ठळक असले तरी पुष्कळ आहे. आणि निरीक्षक कारखान्यात येतील तेव्हा त्यांनी दाखल्याबरोबरच, ही टाकी शेवटची कोणी व कशी उघडली, याची नोंदही मागावी.

आपला विश्वासू,
एक देखभाल अभियंता, शिरोली, कोल्हापूर