वाचनाखाली वाचणाऱ्याचं नाव लिहिणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,
सप्रेम नमस्कार.

आपल्या विभागाच्या, मोडी लिपीतल्या जुन्या कागदांच्या डिजिटल संग्रहात आता प्रत्येक पानाखाली दोन गोष्टी दिसतात, वाचन कोणाचं आणि तपासणी कोणाची. त्या तुमच्या आग्रहामुळे आल्या. त्याबद्दल चार लोकांसमोर तुमचे आभार मानायचे आहेत.

आधीच्या एका प्रकल्पात सीनियर मुलामुलींनी ढीगभर लिप्यंतर केलं आणि अहवालात त्यांच्या वाट्याला 'विद्यार्थ्यांचे सहकार्य' एवढे दोनच शब्द आले. कामही वाया गेलं. स्कॅन 150 डीपीआयचे, म्हणजे इंचाला 150 ठिपके, आणि जेपीईजीत तपशील गाळून दाबलेले. शाईचा फाटा कुठला आणि कागदावरचा डाग कुठला, हेच कळेना. फाइलींना स्कॅनरनेच दिलेले आकडे, त्यामुळे कोणता कागद कोणत्या रुमालातला, म्हणजे कापडात बांधलेल्या कोणत्या गठ्ठ्यातला, याचा पत्ता नाही. असे कागद पुन्हा सोडवावे लागतात, आणि दर वेळी घडीवरची चीर थोडी वाढते. हे नुकसान भरून येत नाही.

तुम्ही सुरुवातीलाच 400 डीपीआय, पूर्ण रंगात, न दाबलेली टिफ फाइल असं ठरवून दिलंत. ए4 एवढ्या पानाची फाइल सुमारे 46 एमबी होते, तरी जपायची तीच. वाचायला हलकी प्रत वेगळी. शेजारी रंगपट्टी आणि सेंटिमीटरची पट्टी. फाइलीच्या नावात रुमाल, पुडकं, कागद आणि बाजू. मागची बाजू कोरी वाटली तरी स्कॅन करायची, कारण पत्र पोचल्याचा शेरा पुष्कळदा तिथेच असतो.

तारखांचं तर तुम्ही हाताला धरून शिकवलंत. 'इहिदे सितैन मया व अलफ' म्हणजे जुन्या मराठी कागदांत अरबी शब्दांनी लिहिला जाणारा सुहूर सन, 1161. इसवी सन काढायला त्यात सरसकट 599 मिळवले की जानेवारी 1761 मधलं, ऐन पानिपताच्या वेळचं पत्र जानेवारी 1760 मध्ये जाऊन बसतं. हे वर्ष मृगाला बदलतं, म्हणून मृगापासून डिसेंबरअखेर 599 आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत 600. म्हणूनच 'छ' या खुणेपुढची चांद्र तारीख आणि महिना वाचल्याशिवाय इसवी सनाचा रकाना भरायचा नाही, हा तुमचा नियम.

पण सगळ्यात मनाला लागून राहिली ती एक छोटी गोष्ट. मोडीत शब्द तोडलेले नसतात, ऱ्हस्वदीर्घाचा भेद पाळलेला नसतो. 'सुत' आणि 'सूत' डोळ्याला सारखेच. अशा एका जागी विद्यार्थिनीचं वाचन तुम्हाला पटलं नव्हतं. तुम्ही ते खोडलं नाहीत. शेजारच्या रकान्यात स्वतःचं वाचन लिहिलंत, पुढे आपली आद्याक्षरं, आणि शेरा दिलात, 'दोन्ही शक्य, संदर्भ अपुरा.' टीईआय एक्सएमएल या मजकुराला खुणा जोडण्याच्या पद्धतीत एकाच जागी दोन वाचनं ठेवून प्रत्येकाला वाचणाऱ्याची खूण जोडता येते. ही सोय सर्वांनाच उपलब्ध आहे. प्राध्यापकाच्या वाचनाशेजारी एम.ए.च्या मुलीचं वाचन बरोबरीने ठेवायला मात्र मोठं मन लागतं.

लॉस अँजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात 2015 साली प्रकल्पांत काम करणाऱ्या विद्यार्थ्यांच्या हक्कांचा एक मसुदाच तयार झाला. ज्या कामात विद्यार्थ्याला स्वतः निर्णय घ्यायला वाव नाही, त्याचे पैसे दिले पाहिजेत, असं त्यात म्हटलं आहे. आपल्याकडे असा कागद नसतानाही तुम्ही आम्हाला निर्णयात घेतलंत आणि श्रेयही दिलंत. विद्वान माणसं पुष्कळ भेटतात, मॅडम. ज्याचं त्याला देणारी फार थोडी.

अंतिम वर्षाच्या मुलांनी पीएच.डी.च्या अर्जांना आपापल्या पानांचे दुवे जोडले आहेत. त्यांच्या वतीनेही मनापासून आभार.

आपले नम्र,
मोडी लिप्यंतर गटातील विद्यार्थी