गोबर गॅसमधील मिथेन जिवाणूंचा नव्हे

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतील घरगुती गोबर गॅसवरील लेखात ‘जिवाणू शेणापासून मिथेन तयार करतात’ असे विधान आहे. ते अर्धेच खरे आहे. शेणातील तंतुमय भाग फोडून त्याची आम्ले, हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड करण्याचे काम जिवाणूंचे. त्यांपासून मिथेन घडवतात त्या आर्किया, आणि आर्किया म्हणजे जिवाणू नव्हेत, एकपेशी सूक्ष्मजीवांचा तो वेगळाच गट.

दोघांच्याही पेशीत केंद्रक नसते आणि सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही सारखेच दिसतात, त्यामुळे शास्त्रज्ञही त्यांना बराच काळ एकाच गटात धरत. १९७७ मध्ये कार्ल वूज आणि जॉर्ज फॉक्स यांनी रायबोसोममधील, म्हणजे पेशीत प्रथिने घडवणाऱ्या कणांमधील, आरएनए हा रेणू ताडून पाहिला, तेव्हा हे वेगळेपण समोर आले. जिवाणूंच्या पेशीभित्तिकेला बळकटी देणारे पेप्टिडोग्लायकन आर्कियांच्या भित्तिकेत नसते, आणि पेनिसिलिनचा घाव नेमका त्याच्याच जडणघडणीवर असल्याने त्यांना ते बाधत नाही. (‘आदिजिवाणू’ हा प्रतिशब्द मला म्हणूनच खटकतो, जे नाव टाळायचे तेच त्यात पुन्हा येऊन बसते.)

हा नुसता शब्दच्छल नव्हे. घरच्या लग्नात उरलेला भात आणि जिलबीचा पाक आम्ही एकदाच गोबर गॅसच्या टाकीत ओतला. दोन दिवसांत टाकीचे झाकण चांगले वर चढले, पण शेगडी काही पेटेना आणि बाहेर पडणाऱ्या स्लरीला आंबूस वास येऊ लागला. जिवाणूंनी भराभर आम्ल केले होते. मुळात सावकाश वाढणाऱ्या आणि आम्लता न सोसणाऱ्या आर्किया मात्र थंडावल्या होत्या, त्यामुळे साठला तो बहुतांशी कार्बन डायऑक्साइड. भरणी थांबवून शेजाऱ्यांच्या चालू टाकीतील स्लरी आणून घातली, तेव्हा कुठे तीनेक आठवड्यांनी निळी ज्योत दिसली. लेखात ‘ओला कचरा हवा तेवढा घालावा’ असे म्हटले आहे, त्याला माझा आक्षेप आहे तो यामुळे.

जून २०२० मध्ये लोणार सरोवर गुलाबी झाले, तेव्हाही शेवाळाचेच नाव पुढे केले जात होते. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत तो रंग खारट पाण्यात वाढणाऱ्या आर्कियांचा निघाला. तरीही आर्किया केवळ अशा आगळ्या जागीच राहतात असे नाही. मिथेन करणाऱ्या आर्किया गाईच्या पोटातही असतात, आणि नव्या टाकीत पहिल्यांदा ताजे शेण कालवून घालतो ते त्यांच्यासाठीच.

पुरवणीच्या पुढील अंकात ही दुरुस्ती, आणि निदान भरणीचे प्रमाण हळूहळू वाढवण्याची सूचना, छापावी ही विनंती.

आपला,
एक निवृत्त विज्ञानशिक्षक, जि. बुलढाणा