२३ जूनच्या आधी

चि. चिऊस,

अनेक आशीर्वाद.

"आई, तुला नाही कळणार," असं म्हणून काल तू फोन ठेवलास. रागावून लिहीत नाहीये. २३ जूनला तुमच्या विद्याशाखेत आंतरराष्ट्रीय महिला अभियंता दिन होणार आणि संयोजनात तू, हे मावशीला मी लगेच कळवलं. मी विचारलं ते एवढंच, की तुमच्या प्रोजेक्टमध्ये लेथ, धातू फिरवून कापायचं ते मशिन, कोण चालवतं? तू म्हणालीस, "रिपोर्ट आणि प्रेझेंटेशन माझ्याकडे आहे."

तिथेच मन अडकलंय. मुलींचं लिखाण नेटकं, म्हणून रिपोर्ट त्यांच्याकडे. जॉब, म्हणजे कापायचा तुकडा, चकच्या फिरत्या पकडीत धरायचा, टूल लावायचं, कट घ्यायचा तो मुलांनी. कुणी मुद्दाम करत नाही, गट पडले की आपोआप होतं. ड्रॉइंग ऑफिसात माझी अख्खी नोकरी गेली. शाफ्ट बेअरिंगमध्ये बसत नाही, असा निरोप शिपायाच्या हाती वर यायचा आणि मी कागदावरच मापं तपासत बसायचे. खाली जाऊन तो शाफ्ट एकदा मायक्रोमीटरनं मोजू दिला असता तर... असो. हे लिहायचं नव्हतं.

तुमच्या फलकावर ए. ललिता, भारतातल्या पहिल्या महिला अभियंत्यांपैकी एक, असतीलच. अठराव्या वर्षी वैधव्य, पदरात तान्ही मुलगी, आणि १९४३ मध्ये मद्रासमधल्या गिंडीच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून इलेक्ट्रिकलची पदवी. पण फोटोखाली फक्त 'पहिल्या महिला अभियंता' लिहून थांबू नका. पुढे भाक्रा-नांगलच्या वीजवाहिन्यांचं काम त्यांनी केलं, तेही लिहा. काय केलं ते महत्त्वाचं.

समावेशनावर चर्चासत्र ठेवताय, जरूर ठेवा. त्याआधी वर्कशॉपमधले एप्रन बघ. सगळे मोठ्या मापाचे असले तर बाही मनगटाखाली लोंबते, आणि फिरत्या चकमध्ये बाही अडकली की हातही आत ओढला जातो. लहान मापाचे एप्रन, गॉगल मागवून घ्या. तुझ्या वर्गातल्या त्या व्हीलचेअरवरच्या मुलाचा हात बसल्या जागेवरून टूल सरकवणाऱ्या कॅरेजच्या चाकापर्यंत पोचतो का, तेही बघा. आणि गटातली कामं आळीपाळीनं, हा नियमच करून घ्या. आज रिपोर्ट लिहिणारी पुढच्या वेळी मशिनवर. केस घट्ट बांध. हातमोजे घालून लेथवर उभी राहू नकोस. चकची किल्ली काढल्याशिवाय स्विचला हात लावू नकोस.

बघ, लागले शिकवायला. हे तुला पाठ असणार. माफ कर.

तू मशिनवर असावीस असं वाटतं, आणि तिथे उभी असलेली डोळ्यांसमोर आली की छातीत धडधडतं. दोन्ही खरं आहे. सायकलच्या चेनमध्ये बोट सापडलं होतं तेव्हा तू आधी चेन चढवलीस आणि मग रक्ताळलेलं बोट मला दाखवलंस. रडले मी. त्या मुलीनं नुसत्या स्लाइड्स कराव्यात, हे मला सोसत नाही गं. सरांशी बोललीस का? नसलीस तर या आठवड्यात बोल. कार्यक्रमाच्या गडबडीत राहून जाईल.

दादा विचारतोय, २३ तारखेला बाहेरच्यांना येऊ देतात का. देत असतील तर आम्ही दोघं येतो. मागे बसू. पण कार्यक्रम संपल्यावर वर्कशॉप दाखव.

तुझी
आई